गोलाईतला फरक शून्य

भोक मोजायला अक्कल लागत नाही, हात लागतो, असं काटा नव्या माणसांना सांगायचा. आणि वर पुस्ती जोडायचा, "अक्कल असती तर साहेब नसतो झालो?" त्याचं खरं नाव हजेरीच्या यादीत होतं, तेवढंच. सव्वीस वर्षांपूर्वी कुणीतरी त्याला काटा म्हटलं, कारण तो शतांशाची चूकसुद्धा कुणाची पोटात घालत नसे, आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच. शतांश म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. केसाच्या जाडीचे सात तुकडे केले तर त्यातला एक. एवढ्याशा गोष्टीवरून काटा भल्याभल्यांशी भांडलेला होता.

त्याचं मोजायचं यंत्र म्हणजे एक हातच होता. खांदा, कोपर, मनगट, सगळं असलेला, काळ्या नळ्यांचा लांब हात, चाकांच्या गाड्यावर बसवलेला. कारखान्यात मोठ्या गिअरबॉक्सच्या ओतीव पेट्या तयार होत, एकेक पेटी पाऊण टनाची. ती उचलून मोजणीच्या खोलीत कोण नेणार? म्हणून काटाच गाडा ढकलत पेटीकडे जायचा. यंत्राच्या टोकाला मण्याएवढा लाल खडा. तो भोकाच्या आतल्या भिंतीला टेकवायचा, बटण दाबायचं, टुक आवाज होतो, एक बिंदू नोंदला जातो. मग थोडं पुढे सरकून पुन्हा. असे आठ-दहा बिंदू झाले की पडद्यावर आकडे येतात: व्यास किती, मध्य कुठे, आणि गोलाईत फरक किती, म्हणजे भोक खरोखर गोल आहे की बटाट्यासारखं. मोठ्या भोकाला किमान आठ बिंदू घ्यावेत, असा नियमाचा कागद भिंतीवर चिकटवलेला होता. तो कागद काट्यानंच लिहिलेला होता.

भोकं पाडायचं काम बोरिंगवाल्याचं, आणि बोरिंगवाला काट्याचा सख्खा साडू. ही सोयरीकही काट्यानंच जुळवलेली. त्याच्या बायकोच्या धाकट्या बहिणीसाठी स्थळ बघत होते तेव्हा सासऱ्यांनी विचारलं होतं, "तुमच्या कारखान्यातला तो मुलगा कसा आहे?" काटा म्हणाला होता, "मी रोज मोजतो त्याला. कुठं कमी नाही, कुठं जास्त नाही." सासरे हसले आणि लग्न ठरलं. तेव्हापासून दोघं एकमेकांना साडू म्हणत, आणि कामावर मात्र एकमेकांचा गळा धरत. बोरिंगवाला भोक पाडायचा, काटा ते मोजायचा, आणि एखादा शतांश जास्त निघाला की अख्ख्या शेडला ऐकू जाईल असं दोघांचं जुंपायचं. मग दुपारी एकाच डब्यातून जेवायचे.

चौदा महिन्यांपूर्वी काट्याचा उजवा हात थरथरायला लागला.

आधी चहाच्या कपात लक्षात आलं. कप बशीवर वाजायला लागला, तेव्हा काट्यानं बशी बंद केली. मग चहा सांडायला लागला, तेव्हा अर्धाच कप घ्यायला सुरुवात केली. डॉक्टर म्हणाले, जिवाला धोका नाही, काही जणांना होतं, एकदा सुरू झालं की कमी होत नाही, वाढलं तर हळूहळू वाढतं. गोळ्या दिल्या. त्या घेतल्या की काटा दुपारी गाड्याला टेकून पेंगायचा, म्हणून त्यानं त्या सोडून दिल्या. डॉक्टरांनी विचारलं, काम काय करता? काटा म्हणाला, बसून असतं. मुलगी अजून शिकत होती, आणि हात नसलेल्या मोजणाऱ्याला कारखाना कशासाठी ठेवेल, हे त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

बायकोपासून लपवणं शक्य नव्हतं. तीच सकाळी त्याच्या शर्टाची बटणं लावून द्यायची. "कामावर कळलं का कुणाला?" तिनं एकदा विचारलं होतं. "कामावर काही होत नाही," काटा म्हणाला. "तिथं हात गप बसतो." तिनं विश्वास ठेवला, कारण तिला विश्वास ठेवायचा होता.

कामावर हात गप बसत नव्हता. खडा भिंतीला टेकवला आणि बटण दाबायच्या क्षणी बोट हललं की खडा भिंतीपासून सुटायचा, किंवा जास्त दाबला जायचा. आठ बिंदूंमधले दोन-तीन तरी भलतीकडे पडायचे. मग पडद्यावर गोलाईत फरक वीस शतांश, कधी पंचवीस. चालतो जास्तीत जास्त आठ. पहिल्यांदा असा रिपोर्ट गेला तेव्हा साडू तरातरा चालत आला.

"हे काय? माझं भोक गोल नाही?"

"यंत्र असं म्हणतंय."

"यंत्राला म्हणावं, ये इकडे, बघ! अरे, तीस वर्षं भोकं पाडतोय मी. झोपेत पाडलं तरी गोल पडेल."

"थांब, परत घेतो," काटा म्हणाला. साडू जाईपर्यंत थांबला. मग कोपर पेटीवर टेकवून, डाव्या हातानं उजवं मनगट घट्ट धरून त्यानं पुन्हा बिंदू घ्यायला सुरुवात केली. तिसऱ्या बिंदूनंतर त्याला घाम फुटला. त्यानं तिथंच थांबून सहज 'हिशेब कर' असं लिहिलेलं बटण दाबलं. पडद्यावर आलं: गोलाईतला फरक शून्य.

तो बराच वेळ त्या शून्याकडे बघत राहिला. त्यात जादू काही नव्हती, शाळेत शिकलेलीच गोष्ट होती. एका रेषेत नसलेले कुठलेही तीन बिंदू घ्या, त्यांतून एक गोल जातोच जातो, आणि तो बिनचूक असतो. चौथा बिंदू आल्याशिवाय चूक उघडी पडत नाही. काट्यानं स्वतःच नियमाच्या कागदावर आठ बिंदू का घ्यायचे ते लिहिलं होतं, आणि कारण हेच होतं. तीन बिंदूंवर मोजणारा माणूस मोजत नाही, शेंडी लावतो, असं तो पूर्वी नव्या माणसांना सांगत असे.

त्यानं तो रिपोर्ट दिला. साडूनं तो हातात घेऊन शेडभर फिरवला. "शून्य! वाचा, शून्य! काट्याच्या यंत्रात माझं भोक शून्य!" त्या दिवशी त्यानं सगळ्यांना चहा पाजला. काट्यानं अर्धा कप घेतला.

आजचा दिवस निभावला, उद्याचं उद्या बघू, असं म्हणत काट्यानं चौदा महिने काढले. वाईट माणसाचं सोपं असतं, तो निदान ठरवून तरी करतो. काट्यानं काहीच ठरवलं नाही. बिंदूंच्या संख्येचा रकाना रिपोर्टवर छापला जातो, तो त्यानं छपाईतून काढला. कागदावर गर्दी होते म्हणाला, आणि साहेबांनी मान डोलावली. व्यास चुकू नये म्हणून त्यानं एक युक्ती काढली: साडू आपल्या हातातल्या मापानं व्यास आधी बघून ठेवायचा, तो आकडा काटा विचारून घ्यायचा आणि तो येईपर्यंत तीन-तीन बिंदू घेत राहायचा. जुळला की रिपोर्ट छापायचा. व्यास जुळला म्हणजे बाकीचंही बरोबर असणार, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली होती.

बाकीचं म्हणजे मध्य. भोकाचा मध्य कुठे आहे हे साडूच्या हातातल्या कुठल्याच मापाला कळत नव्हतं. ते फक्त काट्याचं यंत्र सांगू शकायचं. आणि हाताची थरथर गोलाईच्या रकान्यातून हाकलली तरी ती घरी थोडीच जाते? ती मध्याच्या रकान्यात जाऊन बसली. आज मध्य बारा शतांश डावीकडे, उद्या चौदा उजवीकडे, परवा वर. चालतो दहा.

"मध्य सरकतोय रे," साडू पहिल्यांदा म्हणाला तेव्हा हसत होता. मशीन जुनं आहे, खेळ आला असेल, भाग सैल झाले असतील, म्हणाला. त्यानं काट्याच्या आकड्याप्रमाणे मशीन बारा शतांश उजवीकडे घेतलं. दुसऱ्या दिवशी काट्याचा आकडा उजवीकडचा आला, त्यानं मशीन डावीकडे घेतलं. रोज सकाळी तो काट्याच्या गाड्याशी यायचा, पेनानं हाताच्या पंजावर आकडा लिहून घ्यायचा आणि जाऊन मशीन तेवढं हलवायचा. ज्या मशीनला काही झालं नव्हतं ते रोज हलायला लागलं, आणि मग भोकं खरोखरच जागेवरून गेली. जोडणीच्या शेडमधून ओरड सुरू झाली: गिअर बसत नाहीत, बसले तर रडतात.

काट्याला हे कधी कळलं? मनातल्या मनात तो स्वतःला सांगायचा की उशिरा कळलं. पण तो काटा होता. त्याला तिसऱ्याच आठवड्यात कळलं होतं.

साडूचं हसणं थांबलं. तो मशीनशी बोलायला लागला, मग मशीनशी बोलायचाही थांबला. एका रविवारी दोघी बहिणी काट्याच्या घरी बसल्या होत्या. धाकटी म्हणाली, "ताई, ह्यांचं काही खरं नाही बघ. घरी आले की दिव्याखाली बसतात आणि आपल्या हातांकडे बघत राहतात. डोळे तपासले, नवा चष्मा आणला. परवा म्हणाले, मला आता सरळ दिसत नाही. भिंतीवरची चौकट वाकडी आहे का, मला चारदा विचारलं."

"आहे का वाकडी?" काट्याच्या बायकोनं विचारलं.

"नाही गं. सरळ आहे."

काटा समोरच बसला होता. धाकटी त्याच्याकडे वळून म्हणाली, "भाऊजी, तुम्ही तरी समजवा. तुमच्यावर फार भरवसा आहे त्यांचा. म्हणतात, काटा खोटं सांगणार नाही, म्हणजे मीच बिघडलोय."

काटा 'हूं' म्हणाला आणि पाणी प्यायला आत गेला. ओट्याला धरून उभा राहिला. हात इतका थरथरत होता की नळ सोडायला त्याला डावा हात लावावा लागला.

महिन्याच्या शेवटी साहेबांनी काट्याला वर बोलावलं. टेबलावर मोठा कागद पसरलेला होता, त्यावर वर्षभराचे ठिपके, दोन्हीकडे उड्या मारणारे. "हे तुमचेच आकडे," साहेब म्हणाले. "गोलाई बघा: शून्य, शून्य, शून्य. म्हणजे मोजणी चोख. पण मध्य वाऱ्यावर सुटलाय. मशीन तरी गेलंय नाहीतर माणूस तरी. आम्ही दोन्ही बदलतोय." जुनं मशीन शनिवारी उचलायचं, नवं सोमवारी चालू, आणि बोरिंगवाल्याला निरोप. "तुमचे नातेवाईक आहेत, मला कल्पना आहे. पण तुमच्यासारखा माणूस नात्यापुढे आकडा वाकवणार नाही, म्हणूनच तुमची सही हवी."

काट्यानं सही केली. ती कागदावरच्या ठिपक्यांसारखी आली. "काय, डॉक्टर झालात की काय?" साहेब हसले. काटाही हसला. जिना उतरताना त्याला स्वतःची किळस आली, आणि तरीही वरती परत जायला पाय वळले नाहीत.

घरी बायकोला आधीच कळलं होतं. धाकटी दुपारभर रडून गेली होती. "तुम्ही शब्द टाका," बायको म्हणाली. "साहेब तुमचं ऐकतात. पंचावन्न वर्षांच्या माणसाला असं डाग लावून घरी बसवतात का? काम गेलं तर जाऊ दे म्हणते ती, पण हात बिघडला म्हणून काढलं, हे त्यांच्या डोक्यातून जाणार नाही आता." ती त्याच्या शर्टाची बटणं काढत होती. काढता काढता थांबली आणि त्याच्या हाताकडे बघत राहिली.  

शुक्रवारी दुपारच्या सुट्टीत काटा गाडा ढकलत शेडच्या मागे गेला. तिथं पत्र्याखाली नापास पेट्या पडून असत, प्रत्येकीवर तांबड्या रंगाची फुली. वर्षापूर्वी, तीन बिंदूंच्या सुरुवातीच्या दिवसांत, काट्यानं नापास केलेली पहिली पेटी तिथंच होती. रिपोर्ट त्यानं खिशात ठेवला होता: गोलाईतला फरक शून्य, मध्य सतरा शतांश बाजूला. भोक तेलाच्या फडक्यानं पुसून त्यानं यंत्र लावलं आणि साडूला बोलावून आणलं.

"आता काय दाखवतोस?" साडू म्हणाला. "उद्या चाललोच आहे मी."

"दाखवत नाही. धर हे." काट्यानं यंत्राचं मनगट त्याच्या हातात दिलं.

इतक्या वर्षांत साडूनं त्या यंत्राला हात लावला नव्हता. काटा लावू देत नसे. "टेकव. दाबू नकोस, नुसता टेकव. श्वास सोड. आता बटण."

टुक.

"पुढे सरक. परत."

बारा बिंदू झाले. साडूचा हात पेटीइतकाच स्थिर होता. पडद्यावर आकडे आले. गोलाईतला फरक दोन शतांश. मध्य तीन शतांश बाजूला. चालतो दहा.

साडूनं नवा चष्मा पुसला, वाचलं, परत पुसला. "माझंच काहीतरी चुकलं," तो म्हणाला. "परत घेतो."

काट्याला वाटलं, ह्यानं मला दोन मुस्काटात मारल्या असत्या तर बरं झालं असतं. "घे," तो म्हणाला.

साडूनं परत बारा घेतले. तेच आकडे. मग काट्यानं खिशातला जुना रिपोर्ट काढून त्याच्यासमोर धरला, आणि कागद फडफडायला लागला. वारा नव्हता. साडूनं आधी कागदाकडे बघितलं, मग त्या हाताकडे.

"कधीपासून?"

"चौदा महिने."

"आणि हे शून्य?"

"तीन बिंदू घेतले की शून्यच येतं."

"कुठल्याही भोकाचं?"

"कुठल्याही. बटाट्याचंसुद्धा."

 यंत्र तसंच हातात धरून साडूनं गाडा वळवला आणि ढकलत शेडमध्ये नेला, स्वतःच्या मशीनकडे. काटा मागून चालत राहिला. मशीनवर त्या सकाळी काढलेलं शेवटचं काम अजून बांधलेलं होतं. साडूनं बारा बिंदू घेतले. आता त्याला कुणी सांगावं लागत नव्हतं. गोलाईतला फरक दोन शतांश. मध्य तेवीस शतांश बाजूला.

"हे खरं आहे," तो म्हणाला. "हे मी केलंय."

"माझ्या आकड्यांवर केलंस तू."

"मशीन मी हलवलं. तू बारा म्हणालास, मी बारा हलवलं. तू चौदा म्हणालास, चौदा. एकदाही वाटलं नाही की तुलाच विचारावं, काट्या, तुझं बरोबर आहे ना? भोकाबद्दल भांडलो, व्यासाबद्दल भांडलो. तुझ्या मध्याबद्दल कधी भांडलो नाही, कारण ते मला दिसतच नव्हतं." त्याचा आवाज चढला नव्हता. "माझ्या बायकोला मी चौकट विचारत होतो रे. डोक्याचं स्कॅन काढून आलो, मेंदूत काही आहे का बघायला. आणि तू समोर बसून अर्धा कप चहा पीत होतास. मला वाटायचं, ह्यानं चहा कमी केलाय."

"मी वर जातो," काटा म्हणाला. "आत्ता जातो. साहेबांना सगळं सांगतो."

"सांगून काय होईल?"

 मशीनचे पायाचे बोल्ट शेवटचं काम होताच ढिले केलेले होते. नव्या मशीनची खोकी दारात उभी होती.

"सांगू नको म्हणतोस?" काट्यानं विचारलं, आणि त्या प्रश्नात किती आशा होती हे त्याचं त्यालाच ऐकू आलं.

साडूला पण ऐकू आलं असावं. त्यानं यंत्र गाड्यावर नीट ठेवलं. "ते तुझं तू बघ," तो म्हणाला. "वर्षभर मी तुझ्या सांगण्यावर हललो. आता तू माझ्या सांगण्यावर हलू नकोस." मग कपाटाशी जाऊन त्यानं आपला डबा, टॉवेल आणि व्यासाचं माप पिशवीत घातलं आणि सुट्टी संपायच्या आधीच फाटकातून निघून गेला.

काटा वर गेला, हे खरं आहे. बावीस पायऱ्या चढून गेला, दार ढकललं. साहेब फोनवर बोलत होते, त्यांनी हातानं बसा अशी खूण केली. काटा बसला. वाक्य त्यानं जिन्यावरच तयार केलं होतं: साहेब, ते आकडे खोटे आहेत, हात माझा गेलाय. छोटं वाक्य होतं. त्याला मुलगी आठवली. बायको आठवली, बटणं काढता काढता थांबलेली. दोघी बहिणींच्या घरात एकाच महिन्यात दोन माणसं घरी बसलेली त्याला दिसली. आणि मग त्यानं जे केलं त्याला ह्यातलं कुठलंच कारण पुरत नाही, हेही त्याला दिसलं. तो भित्रा होता. सव्वीस वर्षं आकड्यांच्या आड उभा राहिल्यामुळे ते आजवर कुणाला कळलं नव्हतं.

साहेबांनी फोन ठेवला. "बोला."

"गाड्याचं एक चाक खराब झालंय," काटा म्हणाला. "नवं मिळालं तर बरं होईल."

"अहो, एवढंच? घ्या की." साहेबांनी तिथल्या तिथे चिठ्ठी लिहून दिली.

शनिवारी क्रेननं जुनं मशीन उचललं. खाली सिमेंटवर चार चौकोन राहिले, तेलानं काळे झालेले. संध्याकाळी बायकोनं विचारलं, "टाकलात शब्द?"

"टाकला."

"मग?"

"ठरलेलं होतं त्यांचं."

तिनं धाकटीला फोन लावला. "हे गेले होते गं साहेबांकडे. खूप सांगितलं त्यांनी. नाही ऐकलं."  पलीकडून धाकटी काहीतरी म्हणाली आणि बायकोचा चेहरा बदलला. "हो का," एवढंच ती म्हणाली. फोन ठेवून ती काट्याकडे वळली. "साडूभाऊ म्हणतात, आजपासून आपल्याकडे यायचं नाही. तिनंही नाही. कारण सांगत नाहीत. तुम्हाला माहीत आहे म्हणे."

 ती वाट बघत थांबली, आणि मग तिनं वाट बघणं सोडून दिलं. त्या रात्रीपासून तिनं त्याच्या शर्टाची बटणं काढली नाहीत. काटा शर्ट डोक्यावरून ओढून काढायला शिकला.

सोमवारी नव्या मशीनवर नवी बाई आली, चाळिशीची, दुसऱ्या कारखान्यात पंधरा वर्षं काढलेली. नीटनेटकी बाई. पहिली पेटी तयार झाल्यावर स्वतः येऊन सांगून गेली, आणि काटा गाडा ढकलत आला. नवं चाक आवाज करत नव्हतं. बाई बाजूला हात मागे बांधून उभी राहिली. "तुमचं नाव ऐकून आहे मी," ती म्हणाली. "तिकडं सुद्धा सांगतात, काट्यानं मोजलं म्हणजे विषय संपला."

काट्यानं कोपर पेटीवर टेकवलं, डाव्या हातानं मनगट धरलं. आज आठ घ्यायचे, असं तो घरून ठरवून आला होता. टुक. टुक. टुक. चौथ्या बिंदूला खडा भिंतीवरून सुटला आणि पुन्हा टेकला, आणि बाईची नजर पडद्यावरून त्याच्या हाताकडे वळतेय असं त्याला वाटलं. त्यानं चौथा बिंदू पुसला आणि बटण दाबलं.

"अगंबाई, शून्य!" बाई खूश झाली. "आणि मध्य?"

"अकरा," काटा म्हणाला. "डावीकडे."

"म्हणजे उजवीकडे अकरा घेऊ ना?"

यंत्राच्या टोकाचा खडा अजून हलत होता. काट्यानं तो गाड्यावर ठेवला आणि त्यावर टोपण घातलं.

"घ्या," तो म्हणाला.

बाईनं पेन काढून आकडा हाताच्या पंजावर लिहिला आणि मशीनकडे गेली.